हा फियॉर्ड नव्हे

आमच्या स्टाफरूमच्या फ्रीजरमध्ये कायम एक हिमनदी असायची.

स्टीलचा लांबट डबा, त्यात पाणी आणि तळाला मूठभर बारीक खडी. सर भूगोल शिकवायचे. नववीला हिमनदीचा धडा आला की ते पसरट ट्रेमध्ये ओली माती थापून वर्गात न्यायचे आणि डब्यातली बर्फाची लादी त्या मातीवरून इंच इंच ओढायचे. खाली खोल, गोल बुडाची घळ पडायची. मग घळीच्या एका टोकाने पाणी ओतायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "आता समुद्र आत शिरला. याला म्हणतात फियॉर्ड." मस्कतच्या उकाड्यात एसी कितीही चालू असला तरी लादी निम्मी वितळून गेलेली असायची. मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली की सर म्हणायचे, "खऱ्याला हजारो वर्षं लागतात. तुम्हाला वीस मिनिटं निघत नाहीत?"

एकदा गणिताच्या मॅडमनी चुकून तोच बर्फ सरबतात घातला. दाताखाली खडी आली. त्या चिडून सरांकडे गेल्या. सरांनी ग्लास उजेडाकडे धरून पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "केवढा खडा होता?"

मी त्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा मस्कतमध्ये नवीन होते. नवरा इब्रीला एका कंपनीत होता, आठवड्याच्या सुट्टीला तेवढा यायचा. मी शहरातल्या वादी कबीर भागात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायचे. सर आणि काकू त्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. पहिल्याच आठवड्यात सर माझ्या वर्गात येऊन मागे बसले. तास संपल्यावर म्हणाले, "तुमचं शिकवणं चांगलं आहे. पण तुम्ही मुलांकडे बघत नाही, घड्याळाकडे बघता." मी घरी येऊन रडले. संध्याकाळी दाराची बेल वाजली. बाहेर एक बुटकी, हसऱ्या डोळ्यांची बाई, हातात घावण्यांचा डबा.

"मी वरची. यांची बायको. काय बोलले ते मला कळलं. रडायचं नाही गो. चांगलं म्हणाले ना तुझ्या शिकवण्याला?"

"म्हणाले."

"मग ते खरं आहे, धरून चाल. आम्हाला लग्नाला सव्वीस वर्षं झाली. साडी छान दिसते म्हणाले ते सात वेळा. पण सातही वेळा खरंच छान दिसत होती."

सर खेड तालुक्यातले. घरी शोकेसवर बुद्धाची लहानशी मूर्ती, सकाळी सहाला तिच्यापुढे उभं राहून दोघं पंचशील म्हणायची. खोटं बोलणार नाही हे त्यातलं चौथं. काकू म्हणायच्या, "पाची शीलं सगळ्यांना सारखीच मिळतात. यांनी चौथं दोनदा घेतलंय." आणि खरंच, त्या बाबतीत हा माणूस अगदी अवघड होता. प्रिन्सिपल मॅडमनी भाषण कसं झालं विचारलं, तर "लांबलं" म्हणाले. ओपन हाउसला एका आईला म्हणाले, "तुमचा मुलगा हुशार नाही, पण प्रामाणिक आहे. मला तो आवडतो." ती बाई त्यातलं पहिलंच वाक्य घेऊन घरी गेली. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, पाण्याची मोटर दुरुस्त करायला "उद्या, इन्शाल्ला" म्हणाला की सर वही काढून विचारायचे, "उद्या किती वाजता?" बिचारा नातूर त्यांना जिन्यात बघितलं की गाडीमागे लपायचा.

पण सरांचं खरं वैर होतं एका पोस्टरशी.

ओमानच्या अगदी उत्तर टोकाला मुसंदम नावाचा प्रांत आहे. तिथे उघडेबोडके डोंगर सरळ समुद्रात उतरतात आणि समुद्र डोंगरांच्या मधून आत आत शिरलेला आहे. पर्यटनवाले त्याला अरबस्तानातले फियॉर्ड म्हणतात. मस्कतमधल्या अझैबा भागातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीच्या काचेवर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं पोस्टर होतं. सर दर महिन्याला आत जाऊन तिथल्या मल्याळी मॅनेजरला समजावून सांगायचे, की तिथे कधी हिमनदी नव्हतीच, जमीन खचली आणि दऱ्या बुडाल्या, त्यामुळे हा फियॉर्ड नव्हे, याला रिया म्हणतात. मॅनेजर त्यांना चहा पाजायचा. पोस्टर तिथेच राहायचं. वर्तमानपत्राला सरांनी अकरा पत्रं पाठवली. एक छापून आलं. त्यात फियॉर्डचं स्पेलिंग चुकलेलं होतं. त्या दिवशी सर जेवले नाहीत.

"खोट्याला तुम्ही खऱ्याचं नाव दिलंत ना," ते मला गाडीत म्हणाले (शाळेत मी त्यांच्याच गाडीतून जायचे), "की खरं बघायची माणसाला गरजच वाटत नाही."

खरं त्यांनीही पाहिलेलं नव्हतं. हीच तर गोष्ट होती.

लग्न झालं त्या वर्षी सर खेडला हायस्कुलात होते. काकूंचं गाव घाटाच्या पायथ्याचं, त्यांनी समुद्रसुद्धा लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला. एक दिवस सर वह्या तपासत होते आणि काकू त्यांचं भूगोलाचं पुस्तक चाळत बसल्या होत्या. एका पानावर काळपट छापलेलं चित्र होतं: दोन्हीकडे कडे, मधून पाणी, पाण्यावर एक जहाज आणि कड्यावरून उतरलेली पांढरी रेघ.

"ही रेघ काय?"

"धबधबा. बर्फ वितळतो त्याचा."

"आणि हे जहाज एवढुसं कसं?"

"जहाज मोठंच आहे. कडा फार उंच आहे."

काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे असं खरंच असतं?" आणि सर म्हणाले, "असतं. मी तुला दाखवीन."

सरांनी दिलेला शब्द म्हणजे झालंच. फक्त ते झालं नाही. मस्कतला आले, मग सरांचे वडील अंथरुणाला खिळले, मग मुलीचं शिक्षण, मग गावचं घर बांधायला काढलं. दर उन्हाळ्यात सर म्हणायचे, या वर्षी नाही. पुढच्या वर्षी नक्की असं मात्र कधी म्हणाले नाहीत, कारण ते नक्की नसायचं. हिवाळ्यात मस्कतच्या मत्रा बंदरात युरोपातली मोठाली पांढरी जहाजं लागायची. शुक्रवारी सकाळी दोघं थर्मास घेऊन किनाऱ्यावरच्या कट्ट्यावर जाऊन बसायची. एक-दोनदा मीही गेले. काकू जहाजाच्या खिडक्या मोजायच्या आणि सर सांगायचे, "जूनमध्ये ही सगळी उत्तरेला, नॉर्वेला जातात. बर्गन, ऑलेसुंड, ट्रॉम्सो, हॅमरफेस्ट." बुटाची नाडी बांधतानासुद्धा ते ही नावं म्हणायचे, खालून वर, क्रमाने. काकूंनाही ती पाठ झाली होती. चुकून एखादं गाव राहिलं तर त्याच म्हणायच्या, "अहो, ऑलेसुंड राहिलं."

मुलीला पुण्याला नोकरी लागली त्या वर्षी सरांनी नॉर्वेच्या जहाजाचं बुकिंग केलं. बारा दिवस, जुलैमध्ये. व्हिसा झाला. काकू तीन मजले उतरून खाली वाण्याकडेही जायचं टाळायच्या, त्या आता जहाजावर फिरायला ताकद हवी म्हणून संध्याकाळी गच्चीत फेऱ्या मारायला लागल्या. मला एकदा दम लागलेल्या आवाजात म्हणाल्या, "पुस्तकातल्या चित्रात रंग नव्हता ना. पाणी हिरवं असतं की निळं, ते मी यांना विचारलेलं नाही. विचारलं तर सांगून टाकतील."

एप्रिलमध्ये त्यांचं पोट दुखायला लागलं. मग डोळे पिवळे झाले. हॉस्पिटलमध्ये आठवडाभर तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, स्वादुपिंडाला सूज आहे, औषधं चालू करू, इतक्यात लांबचा विमानप्रवास मात्र नको. सर शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन चालूच ठेवून समोर बघत म्हणाले, "मॅडम, सूज नाहीये. पसरलंय. दिवाळी दिसेलच असं नाही, म्हणाले."

"काकूंना...?"

"तिला मी सांगितलेलं नाही. तिनेही विचारलेलं नाही." स्टिअरिंगवर त्यांच्या बोटांची सारखी हालचाल चालली होती. "तिने विचारलं तर मला सांगावं लागेल. सव्वीस वर्षांत, आता एकोणतीस झाली, मी तिला कधी खोटं सांगितलेलं नाही. मला ते येतच नाही, मॅडम. तोंडावर दिसतं माझ्या. म्हणून मी तिच्यासमोर बसायचंच टाळतो."

आणि खरंच टाळायचे. काकू टीव्हीसमोर असल्या की ते स्वयंपाकघरात असायचे. त्या आत आल्या की ते गॅलरीत. ज्या माणसाला जगात कुणाचीही भीती नव्हती तो बायकोच्या एका प्रश्नाला भिऊन घरभर फिरत होता. भांडी घासायचे, पडदे धुवायचे, बुद्धाची मूर्ती दिवसातून दोनदा पुसायचे.

जहाजाच्या कंपनीने बुकिंग पुढच्या वर्षावर ढकलून दिलं. हे सरांनी काकूंना सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. काकू म्हणाल्या, "बरं. मग या वर्षी खसबला तरी न्या."

खसब म्हणजे मुसंदमचं मुख्य गाव. सर दचकलेच. "तिथे फियॉर्ड नाहीत."

"नसू देत. बोट तर आहे? पाणी तर आहे?"

"जूनमध्ये? भाजून निघशील."

"मला आता उन्हाचं काही वाटत नाही. सारखी थंडीच वाजते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तूही चल गो. यांना बाईमाणसाचं काही कळत नाही."

माझ्या नवऱ्याला रजा मिळाली नव्हती, त्यामुळे मी सुट्टी लागूनही मस्कतलाच होते. रमजान सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही तिघं फेरीबोटीने निघालो. बोट चांगली मोठी, आत एसी, आणि प्रवासी मोजकेच. सर मांडीवर नकाशा उघडून बसले. किनारा इतका लांब होता की धुरकट रेघेपलीकडे काही दिसत नव्हतं, तरी ते घड्याळ आणि नकाशा बघून सांगायचे, "आता बरका. आता सुवैक. हे सोहार."

"दिसत तर काहीच नाही," काकू म्हणाल्या.

"तरी आहे."

काकूंनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. "सांगत राहा," म्हणाल्या. सर सांगत राहिले. शिनास झालं. मग पुढची गावं आपल्या देशातली नाहीत, म्हणजे ओमानची नाहीत, तीही त्यांनी सांगितली. दुपारनंतर डोंगर आले. तपकिरी, करडे, एक झाडही नसलेले, थेट पाण्यातून वर उठलेले. काकू उठून काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लाकडी बोटीतून त्या डोंगरांच्या आत शिरलो. बोटीवर सतरंज्या, लोड, खजूर आणि केळी. एवढ्या उन्हात दुसरं कुणी येणारच नव्हतं. आम्ही तिघं आणि एक म्हातारा ओमानी कप्तान, त्याला हिंदी छान येत होतं. त्याने सरांचा व्यवसाय विचारला आणि तेव्हापासून त्यांना उस्ताद म्हणायला लागला. पाणी तळ दिसेल इतकं स्वच्छ, हिरवं. वळण घेतलं की मागचा समुद्र नाहीसा व्हायचा आणि आपण डोंगरांच्या पोटात आहोत असं वाटायचं. कड्यांच्या तळाशी एखादं गाव दिसायचं, दहा-बारा घरं, एक मशीद. तिथे यायला रस्ता नाही, प्यायचं पाणीसुद्धा बोटीने येतं, असं कप्तान म्हणाला. मग त्याने अभिमानाने हात फिरवला.

"देखो उस्ताद. नॉर्वे! सेम सेम नॉर्वे!"

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. सर उठून कप्तानाजवळ गेले आणि पाऊण तास त्याला हिमनदी समजावून सांगितली. हाताने माती थापून दाखवली, हाताने बर्फ ओढून दाखवला. शेवटी कप्तानाने सुकाणू सोडून दोन्ही हात जोडले. "खलास, उस्ताद, खलास! नॉर्वे नहीं!"

सर समाधानाने परत येऊन बसले. तेवढ्यात बोटीच्या पुढे डॉल्फिन आले. कप्तान "यल्ला, यल्ला!" ओरडून टाळ्या वाजवायला लागला, तशी ती चार-पाच काळी पाठाडं बोटीबरोबर पळायला लागली. काकू गुडघ्यांवर उभ्या राहून कठड्याला धरून बघत होत्या. वजन इतकं उतरलं होतं की मी मागून त्यांचा उन्हासाठी गुंडाळलेला ओला स्कार्फ घट्ट धरून ठेवला होता, जणू त्या वाऱ्याने उडून जातील. डॉल्फिन गेले. इंजिन बंद झालं. सगळीकडे एकदम शांत झालं. काकू तशाच पाण्याकडे बघत म्हणाल्या,

"अहो."

"काय?"

"आता एकदा म्हणा ना."

"काय म्हणू?"

"हा फियॉर्ड आहे म्हणा. माझ्यासाठी. एकदाच. कप्तान ऐकत नाहीये."

मी सरांकडे बघत होते. त्यांनी एकदा कड्याकडे, एकदा पाण्याकडे पाहिलं. मला वाटलं म्हणतील. मनातल्या मनात मी म्हणत होते, म्हणा हो सर, काय जातंय तुमचं. तिला पुढचा जुलै दिसणार नाही हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. म्हणून टाका.

"नाही गं," सर अगदी हळू म्हणाले. "हा रिया आहे."

आणि उठून बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन पाठ फिरवून उभे राहिले. मला त्यांचा इतका राग आला की ओरडावंसं वाटलं. पण काकूंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. त्यांनी स्कार्फ डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "नाही म्हणाले."

"काकू, सरांचं मनावर घेऊ नका..."

"अगो वेडे, मला हवं होतं तेच मिळालं. मी दोन महिने धीर करतेय यांना विचारायचा, माझं काय आहे ते. धीरच होत नाही. म्हणून हे विचारलं. माझं बरंवाईट व्हायचं असतं ना, तर आज हे हो म्हणाले असते. एवढं तरी केलं असतं माझ्यासाठी. पण नाही म्हणाले. म्हणजे पुढच्या वर्षी खरा दाखवणार आहेत." त्यांनी एक खजूर उचलला आणि बी काढून तोंडात टाकला. "तू सांगू नकोस हं त्यांना. नाहीतर उगाच जपून बोलायला लागतील."

मी काय सांगणार होते? कुणाला?

तो महिना काकू फार छान होत्या. रोज सकाळी भूक लागली म्हणायच्या. रुवीच्या बाजारात जाऊन लोकर आणली, जुलैमध्येसुद्धा उत्तरेला गार असतं म्हणून सरांसाठी कानटोपी विणायला घेतली. सर मात्र खसबहून आल्यापासून खचले होते. ते तिच्याजवळ बसायला लागले होते, पण तोंड चुकवून. ऑगस्टमध्ये काकूंना चालवेना, तेव्हा मुलगी येऊन दोघांना पुण्याला घेऊन गेली. ऑक्टोबरात काकू गेल्याचा फोन आला. मी इब्रीला होते. नवऱ्याने गाडी बाहेर घेतली, आम्ही गावाबाहेरच्या रस्त्यावर नुसते तासभर फिरलो.

सर जानेवारीत परत आले आणि टर्म पुरी केली. त्या उन्हाळ्यात ते बारा दिवसांच्या सफरीला एकटेच गेले. मुलीनेच पाठवलं. ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा सगळी स्टाफरूम त्यांच्याभोवती जमली. त्यांनी बंदरांची नावं सांगितली, पाऊस होता म्हणाले, मासे चांगले होते म्हणाले. नववीतल्या एका मराठी मुलीने अडखळत विचारलं, "सर, तुम्ही फियॉर्ड बघितली? ती कसा असतो?" तिच्या मराठीला वर्गातली बाकीची मराठी मुलं हसली. सरांनी मान खाली घालून पुस्तक उघडायला सांगितलं आणि धडा वाचून दाखवला. सरांना पुस्तकातून वाचताना त्या शाळेत कुणी कधी पाहिलं नव्हतं.

वर्षअखेरीस त्यांनी राजीनामा दिला आणि गावी निघून गेले.

त्यानंतर तीन वर्षांनी माझं चिपळूणला सासरी जाणं झालं, तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. घर खाडीच्या वर, कौलारू, स्वच्छ. सर एकटेच राहत होते. दाढी वाढलेली. मला बघून म्हणाले, "जाड झालात, मॅडम," आणि मला इतकं बरं वाटलं. दुपारी पडवीत चहा घेऊन बसलो. काकूंचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला.

"तुम्हाला एक सांगायचंय. मी तो पाहिला नाही."

"काय पाहिला नाही?"

"फियॉर्ड. जहाज आत शिरायच्या आधी भोंगा वाजवतात. सगळे वर डेकवर जातात. मी केबिनचा पडदा ओढून आत बसलो. पाच-सहा वेळा आले असतील वाटेत, प्रत्येक वेळी. साफसफाईवाला विचारायचा, साहेब, बरं नाही का. गावं पाहिली, सगळी. उतरून चाललो पावसात. पण ते नाही पाहिलं." त्यांनी कप खाली ठेवला. "तिने मागितलेला एक शब्द मी म्हटला नाही, मॅडम. एक शब्द. काय बिघडलं असतं? मग मी कुठल्या तोंडाने बघायचं?"

पाच वर्षं मी काकूंचं ऐकून गप्प राहिले होते. आता मला राहवेना. मी त्यांना सगळं सांगितलं. डॉल्फिन गेल्यावर काकू काय म्हणाल्या, का विचारलं होतं, नाही ऐकल्यावर माझा हात धरून काय बोलल्या. मला वाटलं, त्यांच्या छातीवरचा दगड उतरेल.

सर खाडीकडे बघत होते. ओहोटी होती. एक बाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून शिंपल्या शोधत होती.

"म्हणजे तिने विचारलं होतं," ते म्हणाले. "मी इतके दिवस ज्याला भीत होतो ते तिने विचारलं. आणि मी उत्तर दिलं."

"सर, तुम्ही खरं तेच सांगितलंत. ते पाणी खरंच..."

"तिने पाण्याबद्दल विचारलंच नव्हतं, मॅडम."

सर रडत होते, पण चेहरा तसाच, आवाज नाही, नुसतं पाणी दाढीत उतरत होतं. मी सांगायला नको होतं, असं माझ्या मनात आलं. थोड्या वेळाने त्यांनी धोतराच्या टोकाने तोंड पुसलं.

"पुन्हा सांगा."

"काय, सर?"

"सगळं. ती कुठे बसली होती, कुठल्या हाताला. काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत."

मी पुन्हा सांगितलं. सतरंजी, कठडा, ओला स्कार्फ, खजूर. ते डोळे मिटून ऐकत होते, मध्ये मध्ये मान हलवत होते. संपल्यावर म्हणाले, "अजून एकदा." मी तिसऱ्यांदा सांगायला लागले. माझा हात धरून काकूंनी मला खाली बसवलं, इथपर्यंत आले, तेव्हा सरांनी डोळे उघडले.

"आणि हे सगळं बोलताना ती हसत होती?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे सरळ पाहिलं. उन्हात डोळे दिपले होते, स्कार्फ पुढे ओढलेला होता, काकूंचा चेहरा मला दिसलाच नव्हता.

"हो सर," मी म्हटलं. "हसत होत्या."